ऐनाच्या सालीतला पासपोर्ट

सोमवार, दिनांक ३ मार्च १९५८ रोजी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी आक्षीच्या कोळीवाड्यात हरेश्वर तांडेलाच्या अंगणात एकेचाळीस माणसे जमली होती. त्यांत एकोणतीस बायका, अकरा पुरुष आणि एक टपालवाला. टपालवाल्याचे काम वास्तविक केव्हाच संपले होते. रजिस्टर पाकिटाची सही घेऊन तो मोकळा झाला होता. परंतु पाकिटात काय आहे हे पाहिल्यावाचून पुढच्या गावाची वाट धरायला त्याचे पाय तयार नव्हते.

पाकीट धर्माजींनी उघडले. धर्माजी शेजारच्या गावचे, मिठागरवाल्या घरातले. पण मुंबईच्या तांत्रिक विद्यालयात शिकून बांधकाम खात्यात एकतीस वर्षे सुपरवायझरी केलेले. पाकीट फाडतात ते इतर लोक; धर्माजींनी खिशातला चाकू काढून ते कडेने असे उघडले, की वाटले तर पुन्हा वापरता यावे. आतून गडद निळ्या रंगाचे एक पुस्तक निघाले. वर सोनेरी सिंह होते.

हा पासपोर्ट मिळवण्यासाठी जो अर्ज करावा लागला होता, तो धर्माजींनीच दोनदा पेन्सिलीने आणि मग एकदा शाईने भरला होता. जन्मतारखेच्या रकान्यापाशी त्यांचे सहा दिवस गेले. हरेश्वराच्या जन्माविषयी एवढेच ठाऊक होते, की त्या वर्षी नारळी पौर्णिमेनंतर तिसऱ्या दिवशी मोठी मासळी लागली होती आणि आई ती खारवायला जाऊ शकली नव्हती.

मत्स्य खात्याने कुलाबा जिल्ह्यातून एक तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, जपानात पाठवायचे ठरवले होते. सहा महिने राहून त्याने इंजिनाच्या होडीवरची मासेमारी शिकून यायची, आणि तो ज्या गावचा त्या गावच्या सोसायटीला पहिले इंजिन मिळायचे. निवड हरेश्वराची झाली होती. राखीव उमेदवार म्हणून थळच्या भिकूचे नाव होते. भिकू हा हरेश्वराच्या बायकोचा, वेणूबाईचा, सख्खा भाऊ. खात्याच्या पत्रात स्पष्ट लिहिले होते, की २० मार्चच्या बोटीवर पहिला उमेदवार कोणत्याही कारणाने चढला नाही, तर राखीव उमेदवार त्याच्या जागी जाईल. सबब त्यानेही सामान व पासपोर्ट घेऊन धक्क्यावर हजर राहावे. तात्पर्य, हरेश्वर बोटीवर चढला तर इंजिन आक्षीला, नाही तर थळला. मधला मार्ग नव्हता.

धर्माजींनी पहिले पान वाचून त्याचा अर्थ मराठीत सांगितला. "भारताच्या राष्ट्रपतींच्या नावे सर्व संबंधितांना विनंती करण्यात येते, की या पासपोर्टाच्या धारकास कोणताही अडथळा न करता जाऊ द्यावे, आणि त्याला लागेल ती मदत द्यावी."

मग शेजारची चंद्राबाई म्हणाली, "म्हंजे राष्ट्रपतींनी समद्यांना सांगितलंय, ह्याला वाट द्या म्हणून?"

"हो. समद्यांना."

"मग परवा वाटंतून माझी टोपली हलवायला हा एवढा कशाला ओरडला? कागद दाखवायचा."

"तवा आला नव्हता," हरेश्वर म्हणाला.

पुस्तक हातोहात फिरले. फोटो पाहून वेणूबाई म्हणाली, की हा कोणी चोर धरून आणलाय असा दिसतो. धर्माजींनी समजूत घातली, की पासपोर्टाचा फोटो तसाच असावा लागतो. परदेशातल्या अंमलदाराने माणूस ओळखावा एवढ्यापुरताच तो असतो, त्याने माणूस आवडावा असा हेतू नसतो.

निघण्यापूर्वी धर्माजींनी हरेश्वराला बाजूला घेतले. "नीट ऐक. परदेशात हे पुस्तक म्हणजेच तू. हे गेलं, की तू हरेश्वर आहेस याला कसलाही पुरावा नाही. एकवीस दिवसांचा समुद्र आहे. खाऱ्या पाण्यानं, खाऱ्या हवेनं याला काही होता कामा नये. आजपासून हे जपायचं काम तुझं."

"माझ्यावर सोडा, भाऊ," हरेश्वर म्हणाला. आणि तो शब्दाचा पक्का होता.

पुढचे तीन दिवस त्याने दुसऱ्या कशाचा विचार केला नाही. समुद्र काय करतो हे त्याला धर्माजींपेक्षा जास्त माहीत होते. पत्र्याच्या पेटीत ठेवावे तर पेटीला आधी गंज चढतो, आणि तो आतल्या वस्तूला लागतो. मेणकापडात गुंडाळावे तर आतल्या आत घाम धरतो. कोरे सूत खाऱ्या हवेत पंधरा दिवस ठेवले, तर सोळाव्या दिवशी बोटाने तुटते. त्याच्या बापाने, आज्याने आणि त्याने स्वतः समुद्रावर नेलेली प्रत्येक सुती वस्तू आधी ऐनाच्या झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून, लालसर तपकिरी करून मगच नेली होती. जाळी, शिडाचे कापड, दोर, अंगातली बंडी, सगळे. याला कोळीवाड्यात साल देणे म्हणतात. साल न दिलेले जाळे घेऊन जो समुद्रात जातो, त्याला लोक तांडेल म्हणत नाहीत, पाहुणा म्हणतात.

तरीही त्याने उतावीळपणा केला नाही. होडी लाकडाची, म्हणून तिला माशाचे तेल लावतात. जाळे सुताचे, म्हणून त्याला साल देतात. तेव्हा हे पुस्तक कशाचे आहे, हे आधी पाहणे प्राप्त होते. गुरुवारी दुपारी त्याने ते मधोमध उघडले. आत पाच टाके होते, आणि ते सुताचे होते. प्रश्न मिटला.

शुक्रवारी, ७ मार्चला, घरामागे जाळ्यांसाठी तांब्याचा मोठा हंडा चढवलाच होता. साल सकाळपासून उकळत होती. हरेश्वराने हंड्यातला काढा एका परातीत काढून निववला, कारण उकळत्या काढ्याने नवे सूत आखडते. पुस्तकाच्या टाक्यातून एक बारीक दोरी ओवली. मग पाने मोकळी करून, एकेक पान ओले होईल अशा रीतीने, त्याने पासपोर्ट तीन वेळा बुडवला. दर वेळी तो निथळू दिला.

वेणूबाई जाळे पालथे करत होती. तिने पाहिले आणि विचारले, "वरून तेल लावायचं का?"

"नको. सायबाला वास येल."

"व्हय, ते हाय," ती म्हणाली आणि आपल्या कामाला लागली. त्या अंगणात त्या दिवशी सात माणसे होती. आणि एकाही माणसाला यात काही वावगे दिसले नाही, हे इथे नमूद केले पाहिजे.

वाळत घालायला जागा म्हणजे बोंबलांची वलांडी. बांबूच्या आडव्या काठ्यांवर बोंबील जोडीजोडीने, जबड्यात जबडा अडकवून, टांगले होते. त्यांच्यामध्ये एक वीतभर जागा करून हरेश्वराने पासपोर्ट लटकवला. वारा चांगला होता.

शनिवारी सामानाची यादी करायला धर्माजी आले. कस्टमच्या लोकांना प्रत्येक वस्तू नगवार सांगावी लागते, असे त्यांचे म्हणणे होते, आणि त्यासाठी त्यांनी रूळ मारून कागद आणला होता. वलांडीखालून वाकून येताना त्यांच्या कपाळाला काहीतरी लागले. बोंबील असेल म्हणून त्यांनी ते हाताने बाजूला केले, मग थांबले. हाताला लागलेल्या वस्तूवर सिंह होते.

"हरेश्वर, हे काय आहे?"

"पासपोर्ट," हरेश्वर अभिमानाने म्हणाला. "साल दिली, भाऊ. तीन हात. आता एकवीस दिवस काय, वर्षभर समुद्रात ठेवा."

धर्माजी शेजारच्या उखळीवर बसले. चष्मा काढून त्यांनी पुसला, पुन्हा लावला. त्यांना ओळखणारे सांगत, की पुलाचा खांब कलला तरी हा मनुष्य आवाज चढवीत नाही, आधी ओळंबा मागतो. त्यांनी भिंग मागितले. ते घरात नव्हतेच, म्हणून आपल्या पिशवीतून काढले आणि पाने एकामागून एक पाहायला सुरुवात केली. पंचवीस मिनिटे त्यांनी कोणाशी शब्द काढला नाही. इतका वेळ गप्प राहिलेला शिकलेला माणूस त्याने पूर्वी एकदाच पाहिला होता, आणि तो डॉक्टर होता.

"काय बिघडलं काय?"

"सांगतो. क्रमानं सांगतो," धर्माजी म्हणाले. "सरकारी शाईत लोखंडाचा क्षार असतो. सालीत टॅनिन असतं. दोन्ही एकत्र आली, त्यामुळे हातानं लिहिलेलं प्रत्येक अक्षर होतं त्यापेक्षा काळं झालं. फोटोवर जिलेटिन असतं. ते एका अर्थी कातडंच. ते तू कमावलंस. फोटो आता उपटला तरी निघायचा नाही."

"म्हंजे घट झाला."

"घट झाला. कागदही चिवट झाला. रसायनशास्त्रात तुला कोणी दोष देणार नाही."

"मग?"

"जांभळा शिक्का निराळ्या शाईचा असतो. तो पाण्यात विरघळतो. तो गेला."

"येवढाच?"

"येवढाच. पण बाकीचं सगळं कारकुनानं लिहिलेलं आहे, हरेश्वर. सरकार काय ते त्या शिक्क्यात होतं."

वेणूबाई दारात उभी राहून ऐकत होती. तिने पदर कमरेला खोचला. "भिकूला सांगावा धाडू का?" तिने विचारले.

"कशाला?"

"कपडे धुऊन ठेवील बिचारा."

हरेश्वराने तिच्याकडे पाहिले. बायकोला एका बाजूला नवरा आणि दुसऱ्या बाजूला भाऊ असताना तिच्या बोलण्यातला टोमणा कोणता आणि आशा कोणती, हे चौदा वर्षांच्या संसारातही त्याला नेमके सांगता येत नसे. धर्माजींनी मात्र एक गोष्ट तत्काळ केली. देवीच्या लशीचे पिवळे पुस्तक आणि जपानी वकिलातीकडून खात्याने वेगळ्या कागदावर आणलेला परवाना, दोन्ही मागून घेतले आणि स्वतःच्या पिशवीत घातले.

सोमवारी, १० तारखेला, रेवसहून लाँच पकडून दोघे मुंबईला गेले. पासपोर्टाच्या कचेरीत एक अधीक्षक बसत असत. डोक्यावर टक्कल, टेबलावर नियमांची तीन पुस्तके, आणि चेहऱ्यावर आजवर सगळे पाहून झाल्याचा भाव. हरेश्वराने पासपोर्ट टेबलावर ठेवला तेव्हा तो भाव पहिल्यांदा हलला.

"हे काय आहे?"

"पासपोर्ट, साहेब."

"कोणाचा?"

"माझा."

"कोणत्या सालचा?"

"ऐनाच्या," हरेश्वराने सांगितले.

धर्माजींनी मध्ये पडून तारीख सांगितली. अधीक्षकांनी तो दोन बोटांनी उघडला, नाकाजवळ नेला आणि लांब धरला. मग सर्व हकिकत ऐकून घेतली. ऐकताना त्यांनी दोनदा पंखा चालू आहे ना, हे पाहिले.

"खराब झालेला पासपोर्ट रद्द होतो," ते शेवटी म्हणाले. "नवा अर्ज करा. सहा आठवडे लागतील."

"बोट दहा दिवसांनी आहे," हरेश्वर म्हणाला.

"बोट माझ्या खात्याकडे नाही."

धर्माजींनी खुर्ची अर्धी वीत पुढे सरकवली. "खराब म्हणजे काय, याची व्याख्या असेल."

"असणारच." अधीक्षकांनी दुसऱ्या पुस्तकातले पान काढले. "फाटलेला, पाने गळालेला, किंवा मजकूर न लागणारा."

"ओढून पाहा."

"काय?"

"पान ओढून पाहा. फाटलेला आहे का ते ठरवू."

अधीक्षकांनी आधी बोटांनी, मग जरा जोराने ओढून पाहिले. पान जागचे हलले नाही. मग धर्माजींनी पाने मोजायला सांगितली. ती बत्तीसच्या बत्तीस भरली. मजकूर मोठ्याने वाचायला सांगितला. अधीक्षकांनी चष्मा न लावता वाचला, आणि वाचून झाल्यावर स्वतःच जरा चकित झाले.

"मग यात खराब काय आहे?"

"रंग."

"रंगाचं कलम दाखवा."

तिन्ही पुस्तके उघडली गेली. शेजारच्या टेबलावरचा कारकून मदतीला बोलावला गेला. फाटणे होते, जळणे होते, उंदराने कुरतडणे होते, मुलांनी त्यावर चित्रे काढण्याविषयीसुद्धा एक परिपत्रक होते. पण साल देण्याविषयी कोठे काही नव्हते.

"तरी शिक्का नाही," अधीक्षक म्हणाले. "शिक्का नसलेला पासपोर्ट म्हणजे वही."

"मग मारा शिक्का," हरेश्वर म्हणाला. त्याला हे इतके सोपे वाटत होते, की एवढ्यासाठी दोन शिकलेली माणसे का भांडतात हेच कळत नव्हते.

"तसा मारता येत नाही हो. शिक्का पासपोर्ट देताना मारतात, नाही तर नवी नोंद करताना. मधेच नाही."

धर्माजींनी पिशवीतून बोटीचे वेळापत्रक काढले. "ही बोट कोलंबो, सिंगापूर आणि हाँगकाँगला थांबते. यांच्या पासपोर्टात फक्त जपान लिहिलं आहे. या तीन ठिकाणांची नोंद करून घ्यायची आहे. हा अर्ज." अर्ज तयार होता, अर्थातच दोन प्रतींत.

अधीक्षकांनी अर्ज वाचला. हरेश्वराकडे वळून विचारले, "या बंदरांत तुम्हांला उतरायचं आहे?"

"गोडं पाणी भराया उतरावं लागतंच की, साहेब."

"ते बोटीवाले भरतात."

"तरी बघावं लागतं. दुसऱ्यानं भरलेल्या पाण्यावर कोन इश्वास ठेवतो?"

अधीक्षकांनी टाक उचलला. तीन नावे लिहिली, सही केली, आणि जांभळ्या गादीवर शिक्का दाबून धरला. नोंदीचे पान फोटोच्या पानासमोर होते. त्यांनी शिक्का अशा बेताने मारला, की त्याचा अर्धा भाग फोटोवर गेला. हात हलला, की त्यांनी हलवला, हे विचारण्याचा मोह धर्माजींनी आवरला.

"बरं, एक सांगा," पुस्तक परत देताना अधीक्षकांनी आवाज खाली आणला. "हे असं किती दिवस टिकतं?"

"जालं अडीच-तीन वर्सं जातं. मंग परत साल द्यावी लागते. तुमच्या ह्याची मुदत पाच वर्सं. म्हंजे मधी येकदा—"

"नका देऊ," अधीक्षक म्हणाले.

२० मार्च हा गुरुवार होता. बोट दुपारी चार वाजता सुटायची होती. धक्क्याच्या फाटकाआत फक्त प्रवासी आणि राखीव उमेदवार यांनाच सोडत होते. त्यामुळे धर्माजी आणि वेणूबाई लोखंडी जाळीच्या बाहेर राहिले. भिकू आधीच आत येऊन आपल्या ट्रंकेवर बसला होता. कपडे कडक इस्त्रीचे, केसांना तेल, आणि हातात पासपोर्ट. तो इतका निळा होता, की हरेश्वराने त्याच्याकडे पाहायचे टाळले.

"दाजी, तुमी बिनघोर जावा," भिकू म्हणाला. "मी आपला हितं बसलोय. सरकारनं सांगितलं म्हणून. मना काय घाई न्हाय."

"मंग ट्रंकेला दोरी कशाला बांधलीस?"

"ती आपली वाऱ्यानं उघडती."

वेणूबाईने जाळीतून डबा आत सरकवला. डब्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि कोलिमाची, म्हणजे बारीक जवळ्याची, चटणी होती. "दोगांपैकी कोन बी जावा," ती म्हणाली. "डबा वाया जायाचा न्हाय." पण डबा तिने दिला तो हरेश्वराच्या हातात, आणि तो त्याने धरला तरी काही वेळ तिने सोडला नाही.

पहिल्या टेबलावर पोलिस खात्याचा इन्स्पेक्टर होता. तीन वाजून पाच मिनिटांनी हरेश्वराचा पासपोर्ट त्याच्या हातात गेला. त्याने तो उलटसुलट केला आणि खुर्चीत मागे रेलला.

"प्रजासत्ताक होऊन आठ वर्षं झाली. हा पासपोर्ट पन्नास वर्षांचा दिसतो. हे कसं?"

"साल दिलेली हाय, साहेब."

"आणि दिला आहे २७ फेब्रुवारीला, शिक्का आहे १० मार्चचा. मधले अकरा दिवस हा काय होता?"

"त्यातला येक दिवस वलांडीवर होता."

इन्स्पेक्टरने मान हलवली. धर्माजींनी अडीच पानांचा खुलासा लिहून हरेश्वराच्या खिशात ठेवला होता. तो हरेश्वराने काढून दिला. इन्स्पेक्टरने पहिला परिच्छेद वाचला, त्यात लोहक्षार आणि टॅनिन यांचे नाव आले, आणि त्याचा संशय दुप्पट झाला. साध्या कोळ्याच्या खिशात एवढे रसायनशास्त्र कोठून आले?

"बाजूला उभे राहा," तो म्हणाला. मग मत्स्य खात्याच्या माणसाला हाक मारली. "तुमचा दुसरा उमेदवार हजर आहे का?"

भिकू उठला. त्याने विजारीची मागची बाजू झटकली. हरेश्वराने जाळीकडे पाहिले. वेणूबाई दोन्ही हातांनी जाळी धरून उभी होती, आणि धर्माजी घड्याळ पाहत होते. आक्षीचे इंजिन थळच्या वाटेला लागले होते.

दुसरे टेबल कस्टमचे. तिथला अंमलदार मोकळा होता; मोकळा कस्टमवाला स्वस्थ बसत नाही. "उभेच आहात, तर सामान इकडे आणा," त्याने हरेश्वराला सांगितले. "जायचं की नाही ते ठरेल तेव्हा ठरेल."

हरेश्वराने पोते टेबलावर ठेवले आणि धर्माजींची यादी दिली. अंमलदाराने ती वाचली. "सुके बोंबील, नग तीनशे. मोजले आहेत?"

"बायकोनं मोजलेत."

यादीत नुसते 'थोडे बोंबील' असे असते, तर त्याने पोत्यावर हात फिरवून ते बाजूला सारले असते. पण नेमका आकडा दिसला, की तो ताडून पाहिल्यावाचून त्या खात्याच्या माणसाला अन्न गोड लागत नाही. त्याने मोजायला सुरुवात केली. भरले तीनशे बारा.

"बारा जास्त आहेत. न सांगितलेले."

"जास्त न्हाईत, साहेब. शेकड्यामागं चार वर्तावळा. आमच्याकडं शंभर म्हंजे येकशेचारच."

"इथं शंभर म्हणजे शंभर."

"मंग तुमच्या गिऱ्हाइकाचा तोटा हाय."

अंमलदाराने तीनशे खोडून तीनशे बारा लिहिले, आद्याक्षरी सही केली, आणि बाकीचे सामान काढू लागला. पोते शिडाच्या कापडाचे; तपकिरी. त्याच्या तोंडाची दोरी तपकिरी. आतली चादर तपकिरी, बंडी तपकिरी, दुसरी बंडी तपकिरी. टोपी निराळी निघेल असे वाटत होते, पण तीही तीच. देवाचा अंगारा बांधलेली पुरचुंडी तपकिरी. जपानी माणसांचे शब्द लिहून घ्यायला वेणूबाईने दिलेली कोरी वहीसुद्धा तपकिरी, आणि पाने खडखडीत.

अंमलदाराने सगळे एका रांगेत मांडले आणि बराच वेळ त्याकडे पाहिले.

"तुमच्याकडं साल न दिलेली एखादी तरी वस्तू आहे का हो?"

हरेश्वराने प्रामाणिकपणे विचार केला. "बोंबील," तो म्हणाला.

अंमलदाराने वळून पहिल्या टेबलाकडे हाक मारली. "साहेब, जरा इकडे या. आणि ते पुस्तक घेऊन या."

इन्स्पेक्टर आला. त्याने पासपोर्ट टोपीशेजारी ठेवला, मग चादरीशेजारी, मग वहीशेजारी. सगळीकडे तो घरचाच वाटला. त्याने वही उघडून पाहिली. तीत काही नव्हते. पण पानांचा रंग, वास, चिवटपणा तोच. इतकी वस्त्रे, दोर आणि एक कोरी वही पन्नास वर्षांपूर्वीची भासवून कोणी एका पासपोर्टासाठी सोंग उभे करील, हे त्याला पटेना. त्याने हरेश्वराला पंजा उघडायला सांगितला. नखे त्याच रंगाची होती.

"तुम्ही जे काही समुद्रावर नेता ते यात बुडवता?"

"व्हय."

"आणि याला बुडवताना काही शंका आली नाही?"

"आली की. म्हणून आधी उघडून टाके बगितले," हरेश्वर म्हणाला. "सुताचे होते."

इन्स्पेक्टर परत आपल्या टेबलाशी गेला. तिथे भिकू निळा पासपोर्ट पुढे करून उभा होता. इन्स्पेक्टरने त्याचा हात हलकेच बाजूला सारला, तपकिरी पुस्तकाचे सातवे पान उघडले, आणि जाण्याचा शिक्का मारला. मग शिक्क्याची शाई सुकेपर्यंत त्यावर फुंकर घातली आणि म्हणाला, "हा ओला करू नका. शिक्के तेवढे पक्के नाहीत."

भिकूने पासपोर्ट खिशात घातला. त्याचा चेहरा पडला, पण पडला तो जाळीकडे पाठ करून. बहिणीला तो दिसू नये एवढी त्याने काळजी घेतली. "दाजी," तो म्हणाला, "परत आलात म्हंजे इंजिन कसं चालू करतात ते मना बी दावा."

"आक्षीला ये. सवताचा डबा घिऊन ये."

"बहिनीच्या घरी डबा घिऊन?"

हरेश्वराने थोडा विचार केला. मग पोत्यातून दोन मुठी भरून बोंबील काढले, ते भिकूच्या ट्रंकेवर ठेवले, आणि अंमलदाराकडे पाहिले. अंमलदाराने यादी पुन्हा पुढे ओढली, ट्रंकेवरचे बोंबील मोजले, तीनशे बारा खोडून दोनशे शहाण्णव केले, आणि दुसऱ्यांदा सही केली.

पोते खांद्यावर टाकून हरेश्वर जाळीपाशी गेला. धर्माजींनी जाळीतून पिवळे पुस्तक आणि जपानी परवाना आत दिला, आणि दोन्ही कोरडी ठेवण्याविषयी बजावले. वेणूबाईने फक्त जाळीतून हात घालून त्याच्या बंडीचे बटण लावले. मग तो शिडीच्या पायऱ्या चढून बोटीवर गेला. त्या वेळी तीन वाजून एक्कावन्न मिनिटे झाली होती, आणि शिडी ओढून घेण्यास नऊ मिनिटे बाकी होती.